अपघातानंतर गाडीचे काय करायचे: दुरुस्ती, टोटल लॉस की आहे तशी विक्री

टो व्हॅन गाडी वर्कशॉपच्या दारात उतरवते आणि दहा मिनिटांत जॉब कार्ड समोर येते. "इथे सही करा, काम सुरू करतो." त्या वेळी सही द्यायची ती फक्त गाडी ताब्यात दिल्याची आणि एस्टिमेट काढायला सांगितल्याची, आणि तसे कार्डावर स्वतःच्या हाताने लिहायचे. दुरुस्तीची मंजुरी नंतर. एकदा गाडी खोलली, पार्ट मागवले, की टोटल लॉसचा (गाडी पूर्ण गेली असे धरून विमा कंपनीशी हिशेब करण्याचा) किंवा विक्रीचा रस्ता अवघड होऊन बसतो, आणि तोवर मालकाच्या हातात एकही खरा आकडा आलेला नसतो. पुढचे सगळे खासगी कारबद्दल आहे, महाराष्ट्रात पासिंग झालेल्या आणि आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीच्या हिशेबाने.

रस्त्यावर असताना

जखमी माणूस आधी. रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कोणी जखमी असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या.

मग गाडी. सर्वांत महागडी चूक इथे होते. समोरून ठोकर बसली की बंपरच्या मागचा एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर दबतो. इंजिन मात्र एका सेल्फमध्ये सुरू होते, म्हणून गाडी "गॅरेजपर्यंत तरी जाईल" असे वाटते. कूलंट वाहून गेलेले असते. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला नसला की काटा खरे तापमान दाखवत नाही, त्यामुळे इशाराही मिळत नाही. चार-पाच किलोमीटरमध्ये हेड वाकते, गॅस्केट जळते, इंजिन धरते. खालून दगड लागून ऑइल संप फुटला असेल तर हेच आणखी लवकर होते. सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) रेडिएटर मंजूर करतो आणि इंजिनावर काट मारतो. पॉलिसीत तसे स्पष्ट लिहिलेले असते: अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवल्याने वाढलेले नुकसान मालकाचे.

म्हणून चावी बंद करा आणि वाकून गाडीखाली बघा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी थेंब म्हणजे कूलंट, काळपट-तपकिरी आणि बुळबुळीत म्हणजे ऑइल. नुसते पाणी असेल तर ते बहुधा एसीचे. शंका आली तर टो करा. साध्या पॉलिसीत टोइंगचे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर आधी त्या नंबरवर फोन करा. पाण्यात बंद पडलेल्या गाडीलाही हाच नियम: सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इलेक्ट्रिक गाडीला खालून मार बसला असेल तर बॅटरी तपासून होईपर्यंत ती इमारतीच्या पार्किंगमध्ये नको, मोकळ्या जागेत उभी करा.

गाडी हलवण्याआधी फोटो काढा: चारही कोपरे, नंबर प्लेट, किलोमीटरचा आकडा, उघडलेल्या एअरबॅग, समोरच्या गाडीचा नंबर आणि रस्ता. पोलीस केस झाली असेल तर आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत गाडीचा एक बोल्टही सोडवू नका. गाडी मुद्देमाल, म्हणजे पुरावा, म्हणून जप्त झाली असेल तर ती न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर (मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर) सोडवावी लागते. अशी गाडी परवानगीशिवाय विकता किंवा मोडीत काढता येत नाही, हे तिच्यावर गिऱ्हाईक शोधण्याआधी लक्षात घ्या.

सांगाडा वाकला आहे का?

बंपर, बोनेट, फेंडर, दारे, दिवे ही सगळी बदलायची वस्तू आहे. ती कितीही चेपली तरी गाडी पूर्वीसारखी होऊ शकते. निर्णय फिरतो तो सांगाड्यावर. आजच्या बहुतेक कारना वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. समोर दोन बाजूंना लाँग मेंबर (लांब तुळया), त्यांच्यावर एप्रन (चाकावरचा आतला पत्रा), मध्ये क्रॉस मेंबर (आडवी तुळई), मग ए-पिलर (समोरच्या काचेजवळचा खांब), बी-पिलर (दोन दारांमधला खांब), खाली रनिंग बोर्ड (दारांखालची कड), मागे डिकीचा फ्लोर.

बोनेट उघडून एप्रनवर, सस्पेन्शनचा वरचा माउंट जिथे बसतो तिथे बघा. दोन पत्रे जुळतात त्या रेषेवर कंपनीचे सीलर असते. पत्रा हलला असेल तर ते केसाएवढ्या रेषेत तडकते, शेजारचा रंग खपलीसारखा सुटतो आणि पत्र्यावर बारीक सुरकुती येते. लाँग मेंबरवरून बोट फिरवले की ही सुरकुती डोळ्याआधी बोटाला लागते. मग चारही दारे हळू लोटून बघा. समोरून ठोकलेल्या गाडीचे पुढचे दार लॉकला घासत असेल किंवा दार आणि फेंडर यांच्यातली फट वर रुंद, खाली अरुंद असेल, तर धक्का पिलरपर्यंत गेला आहे. चाक कमानीत मागे सरकलेले दिसते का, तेही चाक आणि कमान यांच्यातली फट दोन्ही बाजूंना बोटांनी मोजून बघा.

लाँग मेंबरचे टोक दबले असेल तर बेंचवर (सांगाडा मापात ओढण्याच्या चौकटीवर) ओढून किंवा ते टोक कापून नवे बसवून काम नीट होते. बी-पिलर किंवा रनिंग बोर्ड वाकला असेल तर सावध. तिथे बहुधा अतिकठीण पोलाद असते. गॅसने तापवून ते सरळ केले की दिसायला सरळ होते, पण तापवल्यामुळे त्याचा कठीणपणा जातो, आणि पुढच्या वेळी बाजूने ठोकर बसली तर तोच पिलर आत येतो. हा भाग कंपनीने सांगितलेल्या जोडावर कापून बदलायचा असतो. वर्कशॉपला सरळ विचारा: मोजमापाचा बेंच आहे का, कंपनीच्या मापांचा तक्ता आहे का, काम झाल्यावर मापांचा प्रिंट देणार का? "आमचा डेंटर हातानेच करतो, पंधरा वर्षांचा अनुभव आहे" हे उत्तर फेंडरसाठी चालते, पिलरसाठी नाही.

एअरबॅग उघडल्या असतील तर खर्च एकदम उडी मारतो, कारण बॅगेबरोबर बरेच काही जाते: एअरबॅगचे कंट्रोल युनिट, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, सेन्सर, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, पुष्कळदा अख्खा डॅशबोर्ड आणि काच. एस्टिमेटमध्ये फक्त बॅगा दिसत असतील तर ते एस्टिमेट अपुरे आहे.

तीन आकडे

निर्णयाला तीन आकडे लागतात: पॉलिसीवरचा आयडीव्ही (विम्यासाठी ठरलेली गाडीची किंमत), दुरुस्तीच्या खर्चातला तुमचा वाटा, आणि गाडीची बाजारातली किंमत. ही किंमतही दोन प्रकारे काढायची, आहे तशी आणि दुरुस्त झाल्यावर.

साध्या पॉलिसीत, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापण्याचे ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षण) नसताना, पार्टनुसार घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर शून्य. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, पुढे ५० टक्के. रंगकामाचे एकच बिल असेल तर त्याचा चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. मजुरीवर घसारा नाही. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायची रक्कम: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

समजा सव्वाचार वर्षांची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. आयडीव्ही ४,००,००० रुपये. एस्टिमेट २,४०,००० चे: धातूचे पार्ट ९०,०००, प्लास्टिक आणि एअरबॅग ८०,०००, काच १०,०००, मजुरी ३५,०००, रंग २५,०००. घसारा धातूवर ३१,५००, प्लास्टिक-एअरबॅगवर ४०,०००, रंगावर ३,१२५. वजावट १,०००. तुमचा वाटा ७५,६२५, कंपनीचा १,६४,३७५. कूलंट, ऑइल, एसीचा गॅस, नट-बोल्ट, क्लिपा हे कन्झ्युमेबल्सचे ॲड-ऑन नसेल तर तुमच्याच खिशातून जाते, ते वेगळे मोजा.

आता बाजार. दोन-तीन जुन्या गाड्यांच्या डीलरना आणि एखाद्या सॅल्व्हेज (ठोकलेली गाडी आहे तशी) घेणाऱ्याला फोटो पाठवून भाव विचारा. समजा दुरुस्त झालेल्या गाडीला, अपघात लपवला नाही तर, ३,१०,००० मिळतील आणि आहे तशी १,२०,००० ला जाईल. दुरुस्त केली तर ३,१०,००० वजा ७५,६२५, म्हणजे हाती २,३४,३७५ ची गाडी. आहे तशी विकली तर १,२०,०००. दुरुस्त करा, यात प्रश्नच नाही.

याच गाडीवर फक्त थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याचेच नुकसान भरणारा) असता तर २,४०,००० पूर्ण तुमचे. ३,१०,००० मधून ते गेले की उरतात ७०,०००. आहे तशी विकणे ५०,००० ने फायद्याचे. गाडी तीच, ठोकर तीच, उत्तर उलटे. म्हणून "अशा गाडीवर खर्च करावा का" हा प्रश्न दुसऱ्याच्या अनुभवावरून सोडवू नका, स्वतःच्या पॉलिसीचा कागद काढून सोडवा.

एक पुस्ती: एस्टिमेट वरवरच्या पाहणीवर काढलेले असते. गाडी खोलल्यावर वायरिंग, एसीचे पाइप, इंजिन माउंटिंग, स्टिअरिंग रॅक असे काहीतरी निघतेच आणि सप्लिमेंटरी एस्टिमेट येते. समोरचा मोठा मार असेल तर पहिल्या आकड्यावर २० ते २५ टक्के जास्त धरून हिशेब करा. तेवढे धरूनही उत्तर बदलत नसेल तर निर्णय पक्का.

नुकसान लहान असेल तर

क्लेम घेतला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत) शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तुम्ही ५० टक्क्यांवर असाल तर पाच वर्षांत एकूण ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे मूळ ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या १२५ टक्के इतकी सवलत हातची जाते. ओन डॅमेजचा सवलतीआधीचा प्रीमियम १२,००० असेल तर सुमारे १५,००० रुपये. दरवर्षी आयडीव्ही उतरतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमी. क्लेममधून घसारा आणि वजावट जाऊन हाती येणारी रक्कम याहून कमी असेल तर खिशातून करा. बंपरच्या ओरखड्यासाठी ५० टक्क्यांचा बोनस घालवणे शहाणपणाचे नाही. एनसीबी प्रोटेक्ट घेतलेले असेल तर त्यात वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचा आणि निवांत क्लेम करा.

टोटल लॉसचे गणित

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात. आपल्या उदाहरणात ३,००,००० च्या वर. गैरसमज होतो तो इथे. पॉलिसीतले वाक्य "अटी व शर्तींच्या अधीन राहून" असे आहे, म्हणून सर्व्हेअर बहुधा घसारा कापून उरलेली रक्कम ७५ टक्क्यांशी ताडतो. वर्कशॉपचे एस्टिमेट ३,२०,००० चे असले तरी घसारा जाऊन २,२०,००० उरत असतील, तर कंपनी दुरुस्तीच सुचवेल आणि १,००,००० तुमच्या अंगावर येतील. अशा वेळी सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. त्यात कोणता पार्ट "बदल", कोणता "दुरुस्ती" आणि कोणता "नामंजूर" लिहिला आहे ते ओळीने तपासा. वाकलेला लाँग मेंबर "दुरुस्ती"त टाकला असेल आणि वर्कशॉपच्या मते तो बदलायला हवा असेल, तर वर्कशॉपकडून तसे लेटरहेडवर लिहून घ्या. आकडे हलतात ते अशा कागदाने. तोंडी वाद घालून काही हाती लागत नाही.

टोटल लॉस मान्य झाला की कंपनी सॅल्व्हेजचे भाव मागवते. समजा सर्वांत वरचा भाव १,१०,००० आला. मग पुष्कळदा कंपनी ४,००,००० मधून १,१०,००० आणि १,००० वजा करून २,८९,००० देते आणि सॅल्व्हेज घेणारा तुम्हाला १,१०,००० देतो. गाडी स्वतः ठेवायची म्हटली तर २,८९,००० आणि गाडी. अडचण येते ती सॅल्व्हेजचा भाव कागदावर फुगवलेला आणि प्रत्यक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही तेव्हा, कारण तुमच्या रकमेतून मात्र तो पूर्ण वजा झालेला असतो. कंपनीने आणलेल्या गिऱ्हाइकाचा भाव आणि त्याची मुदत ईमेलवर घ्या, पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी आणि मूळ आरसी सोडू नका.

रिटर्न टु इन्व्हॉइसचे ॲड-ऑन असेल तर हिशेब आयडीव्हीवर न होता इन्व्हॉइसच्या, म्हणजे गाडी घेतानाच्या बिलाच्या, रकमेवर होतो. त्यात नोंदणी खर्च आणि रोड टॅक्स धरला आहे का ते कलमात बघा.

गाडीवर कर्ज असेल तर कंपनीची रक्कम आधी बँकेला जाते. ३,२०,००० बाकी असतील तर २,८९,००० बँकेकडे आणि उरलेले ३१,००० सॅल्व्हेजच्या पैशांतून तुम्ही भरायचे. क्लेम चालू असताना हप्ते थांबत नाहीत. "गाडीच नाही तर हप्ता कसला" म्हणून दोन हप्ते चुकले की सिबिलवर डाग बसतो, आणि नव्या गाडीचे कर्ज लागणार असते ते नेमके तेव्हाच.

"फुल अँड फायनल" लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर रक्कम कोरी असताना सही करू नका. रक्कम मान्य नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

दुरुस्त करायचे ठरले तर

काढलेले जुने पार्ट दाखवायला सांगा आणि नव्या पार्टच्या खोक्यावरच्या लेबलचा फोटो घ्या. रंग लावण्याआधी, पत्रा उघडा असताना एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. पुट्टी आणि रंगाखाली काय आहे ते पुन्हा कधी दिसणार नाही. नवा वेल्ड केलेला पत्रा आतून गंजरोधक मेणाने झाकला का ते विचारा. आपल्या पावसात, विशेषतः कोकणात, न झाकलेला वेल्ड दोन पावसाळ्यांत सडू लागतो.

ताब्यात घेताना चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. अजिबात लागत नसेल तर दिवाच काढलेला असण्याची शक्यता आहे. काही जण बॅगेच्या जागी रेझिस्टर जोडून दिवा विझवतात, म्हणून स्कॅनरचा रिपोर्ट आणि बॅगेचे बिल दोन्ही मागा. व्हील अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा प्रिंट घ्या. एका बाजूचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) प्रिंटवर लालच, म्हणजे मापाबाहेर, राहत असेल तर पुष्कळ गाड्यांत तो पान्याने बसत नाही. आर्म, नकल, स्ट्रट किंवा सांगाडा अजून वाकडा आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलके धरून बघा, मग एक जोरदार ब्रेक. सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर कूलंटची पातळी, टायरची झीज आणि सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

विकली किंवा मोडीत काढली तर

पैसे घेऊन चावी दिली म्हणजे गाडी सुटली असे नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले: गाडी पुढे कितीही हातांतून गेली असो, नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. ठोकलेल्या गाडीत धोका अधिक आहे, कारण तिची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला चढवण्यासाठी वापरले जातात.

त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा. सॅल्व्हेजवाले कोरे फॉर्म मागतात, ते देऊ नका. बोजा (आरसीवर नोंदलेले कर्ज) असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी, बाकी सगळे त्यानंतर. घेणारा नोंदणीकृत डीलर असेल तर फॉर्म २९ सी भरून गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद पोर्टलवर होते, ती करवून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नसेल तर कलम ५५ नुसार १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करा. भंगार म्हणून द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळते आणि त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. गल्लीतला भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण कागद देणार नाही.

क्लेम न घेता गाडी विकली असेल तर विमा कंपनीकडून एनसीबी रिटेन्शन लेटर घ्या. ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीला बोनस लावता येतो. फास्टॅग काढून बंद करा, डिकीतली आणि ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रे काढून घ्या, ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. महिन्याभराने एम-परिवहनवर स्वतःच्या गाडीचा नंबर टाकून बघा. तुमचे नाव अजून दिसत असेल तर घेणाऱ्याला फोन करत बसू नका, फॉर्म २९ ची पोच आणि ताबा पावती घेऊन थेट आरटीओत जा.